बाटली उघडण्यापूर्वी: विद्यार्थ्यांना घातक रसायने ओळखायला कसे शिकवावे

आठवी-नववीच्या वर्गाला प्रयोगशाळेत नेल्यावर पहिल्या तासाला एकही रसायन उघडू नये. त्याऐवजी विद्यार्थ्यांना आदल्या दिवशी घरातील रसायनांची यादी करायला सांगावी. शौचालय साफ करण्याचे ॲसिड, कपड्यांचे ब्लीच, तुंबलेल्या मोरीसाठी आणलेला कॉस्टिक सोडा, रॉकेल, झुरळांचे औषध अशी नावे सहज जमतात. वस्तू शाळेत आणू देऊ नयेत. लेबलावरील मजकूर मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली वहीत उतरवून आणला तरी पुरे. यादी फळ्यावर लिहून झाली की त्यातील दोन नावांभोवती वर्तुळ करावे. शौचालयाच्या क्लीनरमधील हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि लहानशा बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. दिवाळीच्या साफसफाईत ‘दोन्ही टाकले की जास्त स्वच्छ होईल’ या समजुतीने ही चूक होते. घातक रसायन फक्त कपाटातल्या काचेच्या बाटलीत असते, हा गैरसमज इथेच दूर होतो.

दुसऱ्या तासाला चिन्हांकडे वळावे. संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकसमान पद्धतीत नऊ चिन्हे आहेत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल कडेचा, एका कोपऱ्यावर उभा चौकोन आणि आत काळे चित्र, असे त्यांचे रूप असते. कवटी, ज्वाला आणि धातू व हातावर सांडणारे द्रव मुलांना लवकर कळतात. गोंधळ होतो तो साधी ज्वाला आणि वर्तुळावरची ज्वाला यांत. पहिलीचा अर्थ पदार्थ स्वतः पेट घेतो असा, तर दुसरीचा अर्थ तो इतर पदार्थांच्या जळण्याला जोर देतो असा आहे. म्हणूनच पोटॅशियम परमँगनेटची बाटली स्पिरिट किंवा ग्लिसरीनच्या शेजारी ठेवायची नसते. छातीवर तारा असलेली मानवी आकृतीही नीट समजावून सांगावी, कारण ती आज न जाणवणाऱ्या, दीर्घकाळाने दिसणाऱ्या हानीची सूचना देते. चिन्ह नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ मात्र विद्यार्थ्यांनी काढता कामा नये. घरगुती किंवा सुट्या विकल्या जाणाऱ्या मालावर चिन्ह असेलच असे नाही.

प्रत्यक्ष हाताळणीचा सराव आधी पाण्यावरच घ्यावा. लेबल तळहाताकडे ठेवून बाटली धरावी, म्हणजे ओघळ आला तरी अक्षरे पुसली जात नाहीत. बूच टेबलावर न ठेवता बोटांच्या बेचक्यात धरावे, द्रव काचकांडीवरून ओतावा आणि वास घ्यायचाच झाला तर बाटलीवर नाक न नेता हाताने हवा आपल्याकडे वळवावी. पिपेट तोंडाने कधीही ओढू नये. चष्मा, ॲप्रन, बंद बूट आणि बांधलेले केस हे नियम शिक्षकांनी स्वतः पाळले तरच वर्ग ते पाळतो.

संहत सल्फ्युरिक आम्लाचे विरलीकरण विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. ते शिक्षकांनी करून दाखवावे. या आम्लाची घनता दर मिलिलीटरला सुमारे 1.84 ग्रॅम असल्यामुळे अर्ध्या लीटरचे वजन जवळजवळ 920 ग्रॅम भरते, म्हणून बाटली मानेला धरून उचलायची नसते. चंचुपात्रात आधी पाणी घेऊन त्यात तापमापी ठेवावी आणि आम्ल थोडे थोडे सोडत, ढवळत पारा कसा चढतो ते वर्गाला दुरून पाहू द्यावे. उलट क्रमाने आम्लात पाणी टाकले तर हलके पाणी वरच्या थरातच राहते, तिथल्या तिथे उकळते आणि आम्लाचे थेंब उडवते. हे कारण पटले की ‘पाण्यात आम्ल’ हा क्रम घोकून घ्यावा लागत नाही.

अपघाताची तालीम मात्र वर्षातून किमान दोनदा घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. पांढऱ्या हातमोज्यांवर शाईचे पाणी शिंपडून मोजे काढायला लावावेत. शाई मनगटाला लागली की काढण्याची पद्धत कुठे चुकली ते विद्यार्थ्याला स्वतःलाच दिसते. त्यानंतर घड्याळ लावून नळाखाली हात धरायला सांगावे. त्वचेवर किंवा डोळ्यात रसायन गेल्यास वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटे धुवायचे असते, पण दोन मिनिटांतच मुलांना ‘झाले’ असे वाटू लागते. कॉस्टिक सोड्याची बुळबुळ हाताला जाणवत असेल तर धुणे संपलेले नाही. आम्ल लागलेल्या कातडीवर खाण्याचा सोडा चोळून ते उदासीन करण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्या अभिक्रियेत उष्णता निर्माण होते. डोळ्याला इजा झाली असल्यास धुऊन लगेच रुग्णालयात न्यावे आणि बाटलीवरचे नाव डॉक्टरांना सांगावे.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर कपाट उघडण्याचे काम शिक्षक आणि परिचर यांनीच करावे. तापलेल्या अमोनियाच्या बाटलीत दाब साठलेला असतो, म्हणून ती थंड करून, तोंड आपल्यापासून दूर धरून, हवेशीर जागी उघडावी. पुसट लेबले त्याच दिवशी नव्याने लिहावीत. मीही एका शाळेत थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले आम्ल पाहिले आहे. ते पाहून अंगावर आलेला काटा अजून आठवतो.

सत्राअखेरीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकासमोर साध्या पाण्याने भरलेली, लेबल नसलेली बाटली ठेवावी आणि ‘यातले 10 मिलिलीटर परीक्षानळीत घे’ असे सांगावे. जो विद्यार्थी बाटलीला हात न लावता ‘हिच्यावर नाव नाही’ असे म्हणेल, त्याला पूर्ण गुण द्यावेत.