जर्मन बाहुली हातात घ्याल तेव्हा

चिनीमातीची बाहुली दिसली की आपण आधी तिचं तोंड बघतो. विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. तुम्ही तिला उलटी करा. आधी बूड, मग तोंड.

मी रावपुऱ्यात घड्याळं दुरुस्त करतो, वडिलांपासूनचं दुकान आहे. बाहुल्यांकडे वळलो तो घड्याळांपायीच. बडोद्यात जुना वाडा पाडायला काढला की भिंतीवरचं युंगहान्स या जर्मन कंपनीचं लंबकाचं घड्याळ माझ्याकडे येतं. त्या घड्याळाखालच्या शोकेसमध्ये हमखास एक जर्मन बाई उभी असायची. घेरदार झगा, हातात फुलांची परडी, एखादं बोट गायब. माझी पहिली बाहुली दांडिया बाजारातल्या एका माईंनी दिली, दुरुस्तीचे पैसे परवडेनात म्हणून. "सून म्हणते नुसती धूळ धरते. तूच ने बाबा." घड्याळजीकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग असतंच. या छंदाला सुरुवातीला तेवढं पुरतं.

बुडाला किंवा पाठीला बहुधा बारीक भोक सापडेल. पातळ कालवलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतून बाहुली पोकळ घडवतात. भट्टीत आतली हवा फुगते, तिला वाट हवी म्हणून ते भोक. काहींचं बूड उघडंच असतं, त्यांना भोक लागत नाही. हल्ली रेझिनच्या बाहुल्या जुन्या म्हणून खपवतात. त्या गालाला लावून बघा, कोमट लागतात. खरी चिनीमाती मे महिन्यातही गार लागते.

मग देशाचं नाव शोधा. परदेशी माल इंग्रजी भासवून विकू नये म्हणून इंग्लंडने १८८७ मध्ये कायदा केला, तिथून 'मेड इन जर्मनी' हे शब्द जगभर गेले. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. म्हणून नुसतं 'जर्मनी' लिहिलेली बाहुली बहुतेक त्यानंतरची. 'यूएस झोन', म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातला जर्मनीचा भाग, दिसलं तर दुसऱ्या महायुद्धानंतरची मोजकी वर्षं. 'वेस्ट जर्मनी' किंवा 'जीडीआर' (पूर्व जर्मनी) दिसलं तर १९४९ ते १९९० यांच्यामधली. 'ऑक्युपाइड जपान' लिहिलेली १९५२ पर्यंतची जपानी. त्या जर्मन बाहुल्यांच्या नकला असतात, काही फार गोड असतात, पण जर्मनचा भाव देऊ नका.

निळ्या तलवारींची फुली दिसली की लोकांच्या हाताला घाम सुटतो. ती माइसेनची खूण. ड्रेस्डेनजवळचा हा कारखाना १७१० चा, युरोपातला खऱ्या पोर्सेलीनचा, म्हणजे चिनीमातीचा, पहिला. सोनं करून दाखवतो म्हणणाऱ्या ब्योटगर नावाच्या किमयागाराला राजाने डांबून ठेवलं होतं. सोनं झालं नाही, पोर्सेलीन झालं. तलवारी आल्या १७२० नंतर, आणि तेव्हापासून त्यांची चोरीही सुरू आहे. मी अशा तलवारी डझनाने पाहिल्या, त्यातली एकही माइसेनची निघाली नाही. खऱ्या तलवारी कोबाल्टच्या आणि झिलईच्या आत असतात. नखाने चाचपल्या तर काही लागत नाही. नखाला उंचवटा लागला, म्हणजे वरून काढलेल्या, तर शंका घ्या. तलवारींवर आडवे ओरखडे असतील तर कारखान्यानेच तो नग दुय्यम ठरवून काढलेला असतो. आपल्या खिशाला परवडणाऱ्या बाहुल्या बहुतेक जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या लहानमोठ्या कारखान्यांच्या, आणि त्यात कमीपणा काही नाही.

शिक्का कोणीही मारतो. भिंग खरं कामाला येतं ते चेहऱ्यावर. छापील चित्र चिकटवलेलं असेल तर गालाचा गुलाबी रंग बारीक ठिपक्यांचा दिसतो, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखा. कुंचल्याचा रंग असा नसतो. भुवई घ्या. जिथे कुंचला टेकला तिथे ती जाड, उचलला तिथे केसासारखी बारीक, आणि दोन भुवया कधीच अगदी सारख्या नसतात. ओठाची रेघ कधी किंचित बाहेर गेलेली असते. माईंच्या बाहुलीच्या झग्यावर एकशे चौदा फुलं आहेत, मी मोजलीत. पुढची पाच पाकळ्यांची, पाठीमागची चारची. काम संपवायची घाई झालेली असणार.

झग्याला जाळी असेल तर ती ड्रेस्डेन लेस. खरी सुती लेस पातळ मातीत बुडवून अंगावर चढवायची, भट्टीत सूत जळून जातं आणि मातीची जाळी उरते. अशी बाहुली घेताना झालर थोडी तुटलेली असणारच. शाबूत झालरीसाठी दुप्पट मोजण्यापेक्षा चेहरा चांगला बघून घ्या, असं माझं मत.

हुमेलची गोबऱ्या गालांची पोरं तुम्हाला अमेरिकेहून परतलेल्यांच्या घरी मिळतील. मारिया इनोसेन्शिया हुमेल या जोगिणीच्या चित्रांवरून गोबेल कारखान्याने ती १९३५ पासून केली. हुमेल म्हणजे जर्मनमध्ये भुंगा, म्हणून बुडावर भुंगा. जुना भुंगा ठसठशीत, पुढे तो बारीक होत गेला, १९७९ नंतर उडून गेला, आणि २००० मध्ये परत आला. तांत्रिकदृष्ट्या ही पोर्सेलीन नाहीत, बारीक पोताची भाजलेली माती आहे. मला ती फारशी आवडत नाहीत, सगळी एकाच शाळेतली वाटतात.

माझी लाडकी वेगळीच आहे. वीतभर उंचीची लक्ष्मी, बिस्कची, म्हणजे बिनझिलईची, खडूसारखी मऊ दिसणारी. जर्मन कारखान्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी आपले देवही घडवले, आणि नमुना बहुधा रविवर्म्याच्या छापील चित्रांचा. आपल्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात ज्याची मूळ चित्रं आहेत, तोच. त्याचा छापखानाही पुढे श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. भिंगाखाली या लक्ष्मीची नथ म्हणजे सोनेरी तीन ठिपके, आणि डोळे चक्क निळे. रंगवणारीने आयुष्यात नऊवारी पाहिली नव्हती हे कळतं. निऱ्या पडद्यासारख्या सरळ खाली येतात. असे देव बघायला मिळाले तर सोडू नका. बिस्कवर मात्र झिलई नसते, कुंकू लावलं तर ते सहजी जात नाही. माझीच्या कपाळावर कुणाच्या तरी पूजेचा डाग आहे. मी तो काढला नाही.

खरेदी दिवसाउजेडी करा. विकणारा म्हणेल, "काका, आ तो पॅलेसनो माल छे." बडोद्यात फुटकी बशीही पॅलेसचीच असते. हसा आणि बुडाकडे वळा. मी एकदा रात्री, पिवळ्या दिव्याखाली, एक नर्तकी दोन हजार दोनशेला घेतली. घरी येऊन नोटा तपासायचा निळा दिवा धरला, तर मानेभोवती पांढराफटक पट्टा उजळला. मान तुटून चिकटवलेली, वर रंग मारलेला. तेव्हापासून तो दिवा माझ्या पिशवीत असतो. दुकानदाराला विचारून, शोकेसच्या आडोशाला, मान, मनगटं आणि घोटे बघायचे. तिथेच त्या तुटतात. शिवाय नखाने हलकी टिचकी मारा. टणक घुमणारा आवाज हवा. भद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे.

धुवायची तर प्लास्टिकच्या टपात टॉवेल अंथरून, कोमट पाण्यात, एका वेळी एक. सोनेरी कडेवर बोट घासू नका. बिस्क आणि लेस धुवायचीच नाही, मऊ कोरड्या कुंचल्याने झटकायची. मी एका लेसवाल्या बाईला नळाखाली धरलं होतं. पुढचं सांगत नाही.

नवरात्रात आमच्या गल्लीतल्या गरब्याचे स्पीकर असे वाजतात की शोकेसची काच नऊ रात्री थरथरते, आणि बाहुल्या मिलीमीटर मिलीमीटर कडेला सरकतात. दसऱ्याला सकाळी एक नेहमीच कडेवर सापडायची. आता प्रत्येकीच्या बुडाला वाटाण्याएवढं म्युझियम वॅक्स, म्हणजे वस्तू जागेवर धरून ठेवणारं मेण, तीन ठिकाणी लावतो. पुराच्या भागात राहत असाल तर खालचा कप्पा रिकामा ठेवा, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीने पुष्कळांना हे शिकवलं.

एक कायद्याची गोष्ट. शंभर वर्षं ओलांडलेली कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ती जर्मनीत का घडलेली असेना. न्यू जर्सीच्या भाच्याला लग्नात द्यायचा विचार असेल तर दुसरं काही बघा.

तुटलेला तुकडा घाईने चिकटवू नका. झटपट चिकटणारं द्रव लावलेला सांधा पुढे पिवळा पडतो आणि नीट उकलत नाही. तुकडा कापसात गुंडाळून चिठ्ठीसकट डबीत ठेवा. माईंच्या बाहुलीचं बोट मला तीन वर्षांनी मिळालं, त्यांच्याच घड्याळाच्या पेटीत, लंबकामागे. ते अजून माझ्या स्क्रूच्या डबीत आहे.