आकडेमोड बरोबर, उत्तर चूक: आगगाडीच्या गणितातल्या या चुका टाळा

सापेक्ष वेगाच्या, म्हणजे एका गाडीच्या तुलनेत दुसरीचा वेग किती याच्या, चुकलेल्या गणितांत एक गोष्ट हमखास दिसते. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, सूत्रही तोंडपाठ. फक्त अंतराच्या जागी भलतंच अंतर बसवलेलं. अंतराला वेळेने भागलं की वेग मिळतो हे सगळ्यांना येतं. ते अंतर कोणत्या टोकापासून कोणत्या टोकापर्यंतचं, हे थांबून बघायचं मात्र राहून जातं. म्हणून वेगांची बेरीज करायची की वजाबाकी, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि आधी लांबीचा घोळ मिटवू.

लांबी कुणाची धरायची?

खांब, सिग्नल किंवा रुळाशेजारी उभा असलेला माणूस यांना लांबी नाही असं मानतात, त्यामुळे अंतर म्हणजे फक्त गाडीची लांबी. फलाट, पूल आणि बोगदा यांची लांबी गाडीच्या लांबीत मिळवायची. इथवर सहसा कुणी चुकत नाही. चूक सुरू होते ती उभ्या गाडीपाशी. ती हलत नाही म्हणून पुष्कळ जण तिला खांबाच्या रांगेत बसवतात. पण शून्य आहे तो तिचा वेग, लांबी शून्य नाही. तिला फलाट समजा, गणित सुटतं.

त्याहून जास्त गुण खाणारा शब्द म्हणजे ‘प्रवासी’. ‘गाडीत बसलेल्या प्रवाशाला दुसरी गाडी किती सेकंदांत ओलांडून जाईल?’ असं वाचलं की हात आपोआप दोन्ही लांब्यांची बेरीज करतो. प्रवासी हा बिंदू आहे. त्याच्यासमोरून जाते ती फक्त दुसरी गाडी, त्यामुळे लांबीही तिचीच. त्याची स्वतःची गाडी कितीही लांब असली तरी इथे तिचा वेग तेवढा कामाचा.

हे एकदा नीट उलगडून पाहण्यासारखं आहे. २०० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर, धावते आहे. तिच्या पुढे शेजारच्या रुळावर त्याच दिशेने १५० मीटर लांबीची दुसरी गाडी ताशी ५४ किमीने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, चालली आहे. दुसरीच्या तुलनेत वेगवान गाडी दर सेकंदाला ५ मीटर पुढे सरकते. तिचं इंजिन संथ गाडीच्या शेवटच्या डब्याच्या मागच्या टोकाला भिडलं की घड्याळ सुरू करायचं, आणि तिचा शेवटचा डबा संथ गाडीच्या इंजिनापुढे गेला की बंद. एकूण ३५० मीटर, म्हणजे ७० सेकंद.

आता संथ गाडीच्या अगदी मागच्या टोकाला खिडकीशी कुणी बसलं आहे असं धरा. त्याच्यासमोरून वेगवान गाडीचे २०० मीटर जायला ४० सेकंद लागतात. त्या क्षणी दोन्ही गाड्यांची मागची टोकं एका रेषेत आलेली असतात. तिथून वेगवान गाडीच्या शेपटाला संथ गाडीचे १५० मीटर पार करायचे आहेत, त्याला आणखी ३० सेकंद. ४० आणि ३० मिळून तेच ७०. पडताळा हवा असेल तर ७० सेकंदांत एक गाडी १४०० मीटर गेली, दुसरी १०५० मीटर, फरक ३५०. हा पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे आणि कुठल्याही सूत्रापेक्षा भरवशाचा.

पुलाच्या गणितातही असाच एक सापळा असतो. ६०० मीटर लांबीचा पूल, २०० मीटर लांबीची गाडी, वेग सेकंदाला २० मीटर. पूल ओलांडायला ८०० ÷ २० = ४० सेकंद. पण ‘गाडी संपूर्णपणे पुलावर किती वेळ होती?’ असं विचारलं तर लांबी वजा करावी लागते: शेवटचा डबा पुलावर चढल्यापासून इंजिन पलीकडे बाहेर पडेपर्यंत ४०० मीटर, म्हणजे २० सेकंद. हा प्रश्न घाईत वाचणाऱ्यांसाठीच काढलेला असतो.

बेरीज की वजाबाकी?

‘विरुद्ध दिशा बेरीज, एकच दिशा वजाबाकी’ हा नियम खरा आहे, पण घोकून लक्षात ठेवला की दगा देतो. दोन गाड्या एकाच स्टेशनातून विरुद्ध दिशांना निघून एकमेकींपासून लांब जात असतील तर काही जण वजाबाकी करून मोकळे होतात. का, तर ‘जवळ येताना बेरीज’ असं डोक्यात बसलेलं असतं. गाड्या जवळ येताहेत की दूर जाताहेत याच्याशी या नियमाचा संबंधच नाही. दोघींमधलं अंतर एका सेकंदात किती मीटरने बदलतं एवढंच विचारा. तोंडं विरुद्ध दिशांना असतील तर तो बदल दोघींच्या वेगांच्या बेरजेइतका असतो, मग अंतर वाढत असो की घटत असो.

एकाच जोडीचे दोन्ही वेळ दिलेले असले की गणित अवघड वाटतं, खरं तर ते सोपं झालेलं असतं. १२० आणि १८० मीटर लांबीच्या गाड्या समोरासमोर १० सेकंदांत, तर एका दिशेने जाताना ३० सेकंदांत एकमेकींना पार करतात. अंतर दोन्ही वेळा ३०० मीटरच. वेगांची बेरीज सेकंदाला ३० मीटर, वजाबाकी १०. म्हणजे वेग २० आणि १०. चूक होते ती हेच ३० आणि १० दोन गाड्यांचे वेग म्हणून लिहून टाकण्यात.

एकक

ताशी किमीचे सेकंदाला मीटर करताना ५/१८ ने गुणायचं, कारण किलोमीटरचे १००० मीटर आणि तासाचे ३६०० सेकंद. अपूर्णांक उलटा होण्याची भीती वाटत असेल तर ताशी १८ म्हणजे सेकंदाला ५ ही एकच जोडी लक्षात ठेवा. ३६ ला १०, ५४ ला १५, ९० ला २५ आपोआप येतात.

रूपांतर आधी करावं की नंतर, हेही महत्त्वाचं. १५० मीटर लांबीची गाडी ताशी ५० किमीने येते आहे आणि समोरून एक जण रुळाच्या कडेने ताशी ४ किमीने चालत येतो आहे. वेगवेगळं रूपांतर केलं तर १३.८८ आणि १.११ असले आकडे हाती येतात, आणि उत्तर पर्यायांशी जुळेना होतं. आधी बेरीज केली तर ५४, मग १५, आणि उत्तर १० सेकंद.

निघण्याची वेळ वेगळी असेल तर

सापेक्ष वेग दोन्ही गाड्या धावत असतात तेवढ्याच वेळेपुरता वापरायचा. ४५० किमी अंतरावरच्या दोन स्टेशनांतून एक गाडी ७ वाजता ताशी ६० ने, समोरची ८ वाजता ताशी ७० ने निघते. सरळ ४५० ला १३० ने भागलं की गणित फसलं. ८ वाजेपर्यंत पहिली गाडी ६० किमी पुढे आलेली आहे. उरले ३९०, भागिले १३०, म्हणजे ३ तास. भेट ११ वाजता. हे ३ तास ७ मध्ये मिळवून १० लिहिणारेही असतात.

भेटीनंतरचं गणित मात्र चांगल्या चांगल्यांना चकवतं. समोरासमोर निघालेल्या गाड्या वाटेत भेटल्यावर एकीला आपल्या मुक्कामी पोहोचायला आणखी ४ तास लागले, दुसरीला ९. वेगांचं गुणोत्तर ९:४ नाही, ३:२ आहे. भेटीनंतर पहिली जे अंतर कापते ते दुसरीने भेटीआधी कापलेलं असतं, आणि उलटही तसंच. भेट होईपर्यंतचा वेळ ‘त’ धरला तर एका बाजूने वेगांचं गुणोत्तर त/४ येतं, दुसऱ्या बाजूने ९/त. म्हणून त चा वर्ग ३६, त म्हणजे ६ तास, आणि ६/४ म्हणजे ३:२. ‘वर्गमूळ घ्यायचं’ एवढंच पाठ करणाऱ्यांची कुणाचं वर, कुणाचं खाली यात गल्लत होते. ज्या गाडीला कमी वेळ लागला ती वेगवान, एवढं बघितलं तरी ती टळते.

उत्तर विचित्र आलं तर

रुळांवर चाकांनी धावणाऱ्या प्रवासी गाड्यांमधला वेगाचा विक्रम फ्रान्सच्या टीजीव्ही या अतिवेगवान गाडीने ३ एप्रिल २००७ रोजी केला: ताशी ५७४.८ किमी, म्हणजे सेकंदाला साधारण १६० मीटर. तुमची मालगाडी सेकंदाला २५० मीटर पळत असेल तर ५/१८ च्या जागी १८/५ पडलं आहे. त्याच दोन गाड्यांना मागून पुढे जाण्यापेक्षा समोरासमोर पार व्हायला जास्त वेळ लागत असेल तर बेरीज-वजाबाकीची अदलाबदल झाली आहे. गाडीची लांबी ऋण आली, तर खांबाचा आणि फलाटाचा वेळ एकमेकांच्या जागी गेला का ते बघा. आणि उत्तर पर्यायांतल्या एका आकड्याशी चक्क जुळलं तरी ‘प्रवासी’ शब्द आहे का हे पुन्हा एकदा वाचा, कारण दोन्ही लांब्या मिळवून येणारं चुकीचं उत्तर बहुतेक वेळा पर्यायांत छापलेलं असतंच.