दुर्बीण की फाडून? हर्नियाचं ऑपरेशन ठरवताना या चुका टाळा

आमच्या दाजींचं हर्नियाचं ऑपरेशन दोनदा झालं. दुसऱ्या वेळेस नव्या सर्जनने जुनी फाइल मागितली, पानं उलटली आणि विचारलं, "जाळी कुठली बसवलीय?" डिस्चार्ज कार्डावर दोनच शब्द होते, 'मेश रिपेअर'. मेश म्हणजे जाळी, पोटाच्या कमजोर भिंतीला आधार म्हणून बसवतात ती. बिलात कापूस-पट्टीसकट दीड पान यादी होती, पण जाळीचं नाव कुठेच नाही.

दाजी सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहेत. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, टाके वाळले, आणि दीड वर्षात जांघेतली गाठ त्याच जागी हजर. पहिल्या वेळेस डॉक्टर शोधायला मीच बरोबर फिरलो होतो, त्यामुळे खालच्या चुकांपैकी निम्म्या माझ्या खात्यावर घाला.

बोर्ड वाचून पद्धत ठरवणं

आम्ही दवाखान्यात शिरतानाच विचारलं होतं, "दुर्बिणीने करता का?" हो म्हणाले, आम्ही खूश. खरं तर हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, हात कुणाचा.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीची कमजोर जागा. टायरला चीर गेली की ट्यूब जशी बाहेर फुगा काढते, तसं आतडं किंवा चरबी तिथून बाहेर येते. जांघेतली ही जागा पुढून चीर देऊन झाकता येते किंवा मागच्या बाजूने, दुर्बिणीतून. दोन्हीत बहुतेक वेळा जाळीच बसवतात. 'दुर्बिणीत जाळी नसते' हा गैरसमज आमच्या अर्ध्या गल्लीत आहे. आणि 'लेझरने हर्निया' असं कुणी सांगितलं तर दोन पावलं मागे या. मूळव्याधीसाठी लेझर वापरतात. हर्नियाची भिंत लेझरने बुजत नाही, तिथे जाळी किंवा टाकेच लागतात.

दुर्बिणीचा फायदा खरा आहे. सुरुवातीला दुखणं कमी, कामावर लवकर परत. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, पुढून केलेलं ऑपरेशन फेल गेलं असेल किंवा बाईमाणसाला जांघेत गाठ असेल, तर दुर्बीण जास्त सोयीची. पण तिला बहुधा पूर्ण भूल लागते. हृदय-फुप्फुसं तेवढी धड नसतील, आधी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं असेल किंवा गाठ पार अंडकोषात उतरली असेल, तर पुढून केलेलं बरं पडतं. ते कमरेत सुई देऊन किंवा नुसती जागा बधिर करूनही होतं. दाजींचं पहिलं मागून फसलं होतं, म्हणून दुसरं पुढून केलं. जुन्या जाळीच्या चिकटलेल्या भागात पुन्हा हात घालावा लागला नाही.

"असे किती केलेत?" हे विचारायला लाजणं

आपण दोनशे रुपयांची चादर घेताना चार दुकानं फिरतो, आणि पोटावर सुरी ठेवणाऱ्याला प्रश्न विचारायला मात्र जीभ अडखळते. दुर्बिणीतून हर्निया शिकायला अवघड आहे. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हात बसायला 50 ते 100 ऑपरेशनं लागतात असं म्हटलंय. दाजींचे पहिले डॉक्टर पित्ताशयं दुर्बिणीने काढायचे, रोज काढायचे, आणि हर्निया? "करतो की अधूनमधून." हे उत्तर आम्हाला आधीच मिळालं असतं, आम्ही विचारलंच नाही.

हाताचं महत्त्व बघायचं तर कॅनडातलं शोल्डाइस रुग्णालय बघा. 1945 पासून तिथे हर्नियाचंच काम. बहुतेक रुग्णांना जाळी न घालता थर रचून टाके घालतात आणि तरी हर्निया परत येण्याचं प्रमाण अगदी कमी. तीच पद्धत इतरांनी केली की तसे निकाल सहसा येत नाहीत. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांनीही बिनजाळीची पद्धत काढलीय, रुग्णाच्याच पोटाच्या पडद्याची पट्टी वापरून. जाळी नको असेल तर विचारा जरूर, पण जो सर्जन ती नेहमी करतो त्यालाच.

मग विचारायचं काय? महिन्याला किती हर्निया करता, त्यातले पुढून किती, दुर्बिणीने किती. माझ्यासाठी हीच पद्धत का. आणि दुर्बिणीतून जमलं नाही तर तिथेच फाडून पूर्ण करणार का. ज्याला दोन्ही पद्धती येतात तो सहसा तुमची तपासणी करून मग पद्धत सांगतो. खोकायला न लावता, उभं करून न बघता, नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावर तारीख देणाऱ्याकडून मी तरी उठून येईन.

सिव्हिलचं नाव काढलं की नाक मुरडणारे आमच्याकडे पुष्कळ. ते मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, तिथे हर्निया काही नवलाचा नाही. फक्त टेबलाशी कोण उभं राहणार, सीनियर की शिकणारा, आणि शिकणारा असेल तर शेजारी कोण, एवढं विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं म्हणाल, तर ती 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातच सोलापूर होतं. आपलं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात योजनेत बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, ॲडमिट होण्याआधी विचारा, नंतर नाही.

पॅकेजचा एकच आकडा ऐकून मान डोलावणं

जाळी पॅकेजमध्ये आहे की वेगळी? ती अडकवायचे टॅकर लावणार का? ते महाग असतात आणि दरवेळी लागतातच असं नाही. जाळीच्या खोक्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेली चिकटपट्टी असते. ती फाइलमध्ये चिकटवून मागा. दुसऱ्या वेळेस ताईने ऑपरेशन थिएटरबाहेरच्या सिस्टरला तीनदा आठवण केली, आणि पट्टी मिळाल्यावरच जेवणाचा डबा उघडला.

स्वतःबद्दल अर्धंच सांगणं

पहिल्या डॉक्टरांना दाजींनी तंबाखू सांगितली नाही, रात्रीचा खोकला सांगितला नाही. लघवीला जोर लावावा लागतो हे तर बायकोलाही माहीत नव्हतं. खोकला, कुंथणं, बद्धकोष्ठ यांनी आतून सतत रेटा बसतो, शिवण कितीही चांगली असो. साखर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आधीची ऑपरेशनं सांगाच. काम नेमकं काय, हेही. दुसऱ्या सर्जनने विचारलं, "बीम (मागावरचा सुताचा जड रूळ) तुम्ही एकटे चढवता की दोघं?" सुट्टी किती, वजन कधीपासून उचलायचं, हे त्या उत्तरावरून ठरलं.

पट्टा बांधून वर्षं काढणं, किंवा उगाच घाबरून धावणं

पट्ट्याने हर्निया बरा होत नाही. पण पुरुषाच्या जांघेतला, न दुखणारा, सहज आत जाणारा हर्निया उद्याच कापायला हवा असंही नाही. उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा पुरुषांना थांबवून पाहिलं. दहा वर्षांत साधारण 68 टक्क्यांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं, बहुतेकांनी दुखायला लागल्यामुळे. म्हणजे चांगला सर्जन शोधायला वेळ आहे. बायकांना तो वेळ देऊ नका. त्यांच्यात मांडीच्या मुळाशी येणारा हर्निया अडकण्याचा धोका बराच जास्त.

गाठ कडक झाली, आत जाईना, दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, तर तेलमालीश नको, दाबून ढकलणं नको, लिंबूपाणीही नको. सरळ इमर्जन्सी गाठा. तेव्हा सर्जन निवडत बसायचं नाही, जो हजर असेल तो.

नंतरच्या सुजेला "परत आला" समजणं

ऑपरेशननंतर त्या जागी पाणी साचून गाठीसारखं लागू शकतं, अंडकोष काळानिळा दिसू शकतो. हे बहुतेक वेळा आपोआप जिरतं. ताप, वाढती लाली, पू किंवा लघवी तुंबणं मात्र लगेच दाखवा. तीन महिन्यांनंतरही दुखत राहिलं तर 'सवय होईल' म्हणून गप्प बसू नका. साधारण 10 ते 12 टक्के लोकांना काही ना काही दुखणं उरतं, आणि त्यावर इलाज असतात.

दुसऱ्या ऑपरेशननंतर नवव्या दिवशी दाजींचा रात्री साडेअकराला फोन, "आलं बघ पुन्हा." सकाळी सर्जनने उभं केलं, खोकायला लावलं, बोटं ठेवली आणि म्हणाले, "खोकल्याबरोबर फुगत नाही, पाणी आहे." पाच आठवड्यांत जिरलं.