टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत: डिजिटल केबल कशी निवडावी

इंदूरच्या जेल रोडवर केबल आणायला निघण्याआधी टीव्ही भिंतीपासून जरा पुढे ओढा आणि टॉर्च लावून मागची सॉकेटं बघा. साउंडबारची किंवा ॲम्प्लिफायरचीही बघा. दोन्हींचे फोटो काढून ठेवा. मग सुतळी धरून अंतर मोजा, तेही कपाटामागून वळसा घेत. त्यावर अर्धा मीटर जास्तीचा धरा.

दोन्हीकडच्या एचडीएमआय सॉकेटवर ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून बाहेर पाठवायची सोय) किंवा ‘ईएआरसी’ (तिचीच सुधारित आवृत्ती) छापलेलं असेल तर फार विचार न करता एचडीएमआय केबलच घ्या. टीव्हीवर असं सॉकेट बहुधा एकच असतं. बाकीच्यांतून आवाज बाहेर येत नाही. ईएआरसीसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबल मागा. जोडूनही आवाज आला नाही तर दुकानदाराशी भांडण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू आहे का बघा.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल. तोशिबाने १९८३ साली आणलेली ही केबल म्हणजे प्लास्टिकचा बारीक तंतू. त्यातून वीज जात नाही, उजेड जातो. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या असतात, त्या आधी काढा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. प्लगचे दोन कोपरे कापलेले असतात. उलटा धरून रेटलात तर सॉकेटची झडप तुटेल. टीव्ही चालू करून मोकळं टोक तळहाताजवळ धरा, तांबडा ठिपका पडला पाहिजे. पडत नसेल तर टीव्हीचं ऑप्टिकल आउटपुट चालू आहे का बघा. ते असूनही अंधारच असेल, तर केबल कुठे दुमडली आहे का शोधा. तिला बांगडीपेक्षा लहान वळण देऊ नका, खिळ्याच्या क्लिपांनी आवळू नका. पाच मीटरपर्यंत ती निर्धास्त चालते. सोन्याचा मुलामा दिलेली ऑप्टिकल केबलही विकतात. उजेडाला सोन्याचं काय कौतुक!

जुन्या डीव्हीडी प्लेअरला बहुधा नारिंगी कडेचं कोएक्सियल सॉकेट असतं. त्याला ७५ ओहमची वायर लागते. घरात व्हिडिओची जुनी पिवळ्या टोकांची वायर पडली असेल तर तीच लावा, ती ७५ ओहमचीच असते. आवाजाची लाल-पांढरी वायर मीटरभर चालून जाते. लांब झाली की सिग्नल टोकाला आपटून मागे फिरतो आणि आवाज तुटायला लागतो.

कोएक्सियलची खरी अडचण अर्थिंगची. रामबागेतल्या एखाद्या जुन्या घरात टीव्हीला गल्लीतून आलेली केबल टीव्हीची वायर आणि ॲम्प्लिफायरला घरचं अर्थिंग असेल, तर दोन्हींतल्या विजेच्या दाबाचा फरक कोएक्सियलच्या बाहेरच्या धातूच्या जाळीतून वाहतो आणि स्पीकर घूं करतो. गायक अमीर खाँसाहेबांचा संथ, विलंबित ख्याल लावल्यावर ती घरघर दोन स्वरांमधल्या शांततेत नेमकी कानावर येते. गल्लीची केबल टीव्हीतून काढून बघा. घूं थांबली तर महागडी कोएक्सियल घेऊन उपयोग नाही, ऑप्टिकल लावा. तिच्यात धातूच नाही.

ऑप्टिकल असो वा कोएक्सियल, दोन चॅनेलचा पूर्ण आवाज किंवा दाबून छोटा केलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर यांचा) आवाज एवढाच त्यांतून जातो. ॲम्प्लिफायर साधा स्टिरिओ असेल तर टीव्हीच्या डिजिटल आउटपुटमध्ये ‘पीसीएम’, म्हणजे न दाबलेला साधा आवाज, निवडा. तिथे ‘बिटस्ट्रीम’, म्हणजे दाबलेला आवाज तसाच पुढे पाठवणं, राहिलं की गाणी वाजतात आणि सिनेमा लावला की सगळं गप्प, नाहीतर नुसता खरखराट.