गुणतक्ता भरण्याआधी वस्तीत जाऊन या

शहरी पुनर्विकास कितपत शाश्वत आहे हे तपासण्याच्या कामात नवखा माणूस आधी गुणतक्ता शिकतो. ऊर्जा, पाणी, कचरा, वाहतूक असे रकाने भरायचे, भारांकाने, म्हणजे त्या रकान्याला किती महत्त्व द्यायचं त्या आकड्याने, गुणायचं, बेरीज मांडायची. १९९० साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली ब्रीॲम, अमेरिकेची लीड, जपानची कॅस्बी या गुण देण्याच्या पद्धती जरूर शिका. फक्त एवढं ध्यानात असू द्या की त्या आधी इमारतींसाठी तयार झाल्या. वस्त्यांसाठीच्या आवृत्त्या मागाहून आल्या.

माझ्या पहिल्या मोठ्या प्रकल्पाला चांगले गुण मिळाले होते. दोन वर्षांनी तिथे पुन्हा गेलो. तळमजल्यावर टपालपेट्यांची रांग होती आणि माझ्याकडे जुन्या सर्वेक्षणाची यादी. नावं ताडून पाहिली, तर निम्म्याहून अधिक पेट्यांवर नवीच नावं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा दरमहा देखभाल खर्च झेपेना म्हणून जुनी कुटुंबं घरं विकून लांब राहायला गेली होती. आमच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला: आधी राहणाऱ्यांपैकी किती जण टिकले? हे मोजायचं तर पाडकामाआधीच घरोघरी सर्वेक्षण हवं, भाडेकरू आणि पोटभाडेकरूंसकट. मालकांची यादी पुरत नाही. घरं एकदा रिकामी झाली की ही माहिती पुन्हा हाती लागत नाही.

पाडकामाचाही हिशेब मांडा. नवी इमारत वीज कमी खाते हे खरं, पण राडारोडा, नवं सिमेंट, पोलाद यांच्यापायी होणारं कार्बन उत्सर्जन आधीच होऊन गेलेलं असतं. दुरुस्तीचा पर्याय शेजारी ठेवून तुलना करा, कोणी मागितली नसली तरी.

दक्षिण कोरियातल्या सोल शहरात २००३ ते २००५ दरम्यान उन्नत मार्ग पाडून चंग्येचन ओढा मोकळा केला. परिसरात गारवा आला, माणसं फिरायला येऊ लागली. पण ओढ्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणावं लागतं, आणि तिथल्या फेरीवाल्यांना हटावं लागलं. एकाच बेरजेत घातलं तर गारवा बाकीचं झाकून टाकतो. म्हणून मी सामाजिक गुण वेगळे दाखवतो आणि भारांक बदलून पाहतो. पर्यायांचा क्रम उलटला, तर ते अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहितो.