कोल्हापूरचा जुना इतिहास शोधताय? या चुका टाळा

"आमच्या गावातलं देऊळ किती जुनं हो?" असा प्रश्न मला अधूनमधून येतो. "त्यावर कोरलेला लेख आहे का? गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, बघितला का?" असं मी विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं, "नेटवर काय मिळंना." खरं तर कोल्हापूरबद्दल साधनं ढिगानं आहेत. गफलत होते ती शोधायच्या पद्धतीत. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलोय.

'हेमाडपंती' म्हणून मोकळं होणं

काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की हा शिक्का बसलाच. ज्याच्या नावानं हा शिक्का मारतात तो हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. आणि खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरावर सिंघण यादवाचा संस्कृत लेख आहे तो शके ११३६ चा, इ. स. १२१४ च्या सुमाराचा. हेमाद्री मंत्री होण्याच्या कितीतरी आधीचा! तरी खिद्रापूर हेमाडपंतीच, असं छातीठोक सांगणारे भेटतात.

याचा शोधावर थेट परिणाम होतो. 'हेमाडपंती मंदिर' असं टाकलं, की एकमेकांवरून उतरवलेला तोच मजकूर दहा ठिकाणी सापडतो. त्याऐवजी 'शिलाहार' या राजघराण्याच्या नावानं शोधा. सिंघणानं शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा पराभव करेपर्यंत हा मुलूख शिलाहारांचा होता, आणि पन्हाळा हा त्यांचा महत्त्वाचा गड. त्यांचे शिलालेख आणि ताम्रपट वा. वि. मिराशी यांनी एकाच खंडात संपादित केले, तो १९७७ साली निघाला. तुमच्या गावाचं जुनं नाव त्यात असू शकतं, म्हणून आधी शेवटची सूची उघडा.

लेख वाचता आला नाही की "मोडी असंल" म्हणायचीही आपल्याकडे सवय आहे. मोडी ही मुख्यतः कागदावरची लिपी. आपल्या भागातल्या मध्ययुगीन दगडांवर बहुधा नागरी लिपी असते नाहीतर जुनी कन्नड. अक्षरं गोलसर दिसली तर मोडीच्या जाणकाराला त्रास देण्याऐवजी कन्नड जाणणारा माणूस गाठा. सीमाभागात राहून तेवढं अवघड नाही.

जुनं पुस्तक नव्या स्पेलिंगनं शोधणं

मेजर ग्रॅहम यांचा कोल्हापूर संस्थानावरचा अहवाल १८५४ चा. त्यात कोल्हापूरच्या इंग्रजी स्पेलिंगचा शेवट आजच्यासारखा नाही, तिथं 'ओ' दोनदा येतो. आजचं स्पेलिंग टाकून मी कितीतरी दिवस हात हलवत परत येत होतो. शिलाहारांच्या नावाचीही अशीच दोन-तीन रूपं आहेत, सगळी टाकून बघायची.

गॅझेटियरही एक नाही. मुंबई इलाख्याचा चोविसावा खंड १८८६ चा, आणि स्वातंत्र्यानंतरचं जिल्हा गॅझेटियर १९६० चं. दोन्ही नेटवर फुकट वाचता येतात. लोक पहिलंच वाचतात आणि तेच प्रमाण मानतात. पण कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकाडाचं १९४५-४६ चं उत्खनन १८८६ च्या पुस्तकाला कुठून माहीत असणार? जुनं गॅझेटियर बघायचं ते गावोगावच्या देवळांच्या आणि लेखांच्या नोंदींसाठी. त्यातले काही दगड आज जागेवर नाहीत, म्हणून तर ती नोंद मोलाची.

छापील पुस्तकांसाठी करवीर नगर वाचन मंदिर (१८५० पासूनचं) आणि शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय. विषय सांगून पुस्तक मागू नका, लेखकाचं नाव आणि साल घेऊन जा. काम पटकन होतं.

कागदाचं साल चुकीचं लावणं

पुरालेखागारात, म्हणजे जुने सरकारी कागद ठेवतात तिथं, जायचं तर मोडी थोडी तरी यावी लागते. पण मोडी येऊनही फसतात ते सालात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मराठी कागदात मात्र सुहूर सन ही वेगळी कालगणनाही असते, तीही अरबी शब्दांत: इसन्ने, सलास, अर्बा, खमस. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून महिना बघितल्याशिवाय बेरीज करू नये. कागद जानेवारी ते मेमधला असेल तर ६००, पुढचा असेल तर ५९९.

वीरगळ वरून खाली वाचणं

वेशीवर, पारावर, शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड असतो. विचारलं की म्हातारी म्हणते, "ते व्हय? आमचा म्हसोबा." हा म्हसोबा पुष्कळदा वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचा स्मारक-दगड निघतो. तो वाचायचा खालून. तळाच्या चौकटीत लढाई आणि वीराचं मरण, मधे अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. वरून वाचलं की गोष्ट उलटी होते, आणि "राजा पूजा करतोय" असला मथळा टाकून फोटो सगळीकडे फिरतो.

मी काय केलं होतं ते सांगतो. एका वीरगळावरची अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासला होता. अक्षरं दिसली, पण खडू खाचांत बसला तो निघेना, आणि पुजाऱ्यानं जी खरडपट्टी काढली ती वेगळीच. आता सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना जातो, तिरपं ऊन असलं की झिजलेलं अक्षरही सावलीनं उठतं. ऊन नसेल तर बॅटरी बाजूनं धरायची. शेंदूर खरवडायचा नाही, पाणी-तेल ओतायचं नाही.

खापर घरी आणणं

ही सगळ्यांत महागाची चूक. गावाबाहेर 'पांढर' म्हणतात ती जागा असते, जुन्या वस्तीची राखट माती. पावसाळ्यानंतर तिथं खापरं, मणी, कधी नाणंही वर येतं. लोक गोळा करून शोकेसमध्ये ठेवतात आणि मग मला विचारतात, "हे कुठल्या काळाचं?" जागेवरून हललेल्या खापराचं बोलणं निम्मं संपलेलं असतं.

शिवाजी पुलाजवळची ब्रह्मपुरी आठवा. तिथं पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी खणलं, अहवाल डेक्कन कॉलेजनं १९५२ साली काढला. वरच्या थरात बहमनी काळ, खाली सातवाहन काळ. याच टेकाडावर रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू मिळाल्या, त्यातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. ती ब्रह्मपुरीची आहे हे माहीत आहे म्हणून पंचगंगेच्या काठाच्या रोमशी असलेल्या व्यापाराबद्दल बोलता येतं. हीच मूर्ती एखाद्या कपाटात पत्त्याशिवाय सापडली असती, तर कुणी बाजारातून आणलेली म्हणाला असता.

म्हणून वस्तू जागेवरच राहू द्या. शेजारी पट्टी ठेवून फोटो, मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश, गट नंबर, तारीख एवढं टिपा आणि टाउन हॉलच्या संग्रहालयात दाखवा (सोमवार सोडून). जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. दहा रुपये! १८७८ सालचे.