दूरचित्रवाणीवरील किशोरवयीन तारकेचा पहिला पॉप-रॉक अल्बम कसा ऐकावा

मालिकेमुळे घराघरांत ओळखीची झालेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आपला अल्बम घेऊन येते, तेव्हा बहुतेक श्रोत्यांचा निकाल आधीच लागलेला असतो. तिच्या चाहत्यांना तो आवडणार हे ठरलेले असते आणि इतरांनी तो न ऐकताच बाजूला सारलेला असतो. मला हे दोन्ही निकाल घाईचे वाटतात. अशा अल्बममध्ये एक विलक्षण गोष्ट प्रत्यक्ष घडताना ऐकू येते: वर्षानुवर्षे दुसऱ्यांनी लिहिलेली भूमिका वठवणारी व्यक्ती पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने तोंड उघडत असते, आणि ते तिला कितपत साधले, कुठे साधले, कोणाच्या मदतीने साधले, हे कान देऊन ऐकणाऱ्याला नेमके सांगता येते. ते कसे ऐकावे, याची मी वापरत आलेली पद्धत येथे मांडत आहे. मुख्य उदाहरण म्हणून हिलरी डफचा 2003 सालचा 'मेटामॉर्फसिस' घेतला आहे, कारण या प्रकारातले जवळजवळ सगळे प्रश्न त्या एका अल्बममध्ये भेटतात.

सुरुवातीलाच 'पहिला' अल्बम म्हणजे नेमका कोणता, हे ठरवून घ्यावे. ही बाब वाटते तितकी सरळ नसते. डिस्ने चॅनेलवरील 'लिझी मॅग्वायर' या मालिकेची नायिका म्हणून डफ प्रसिद्ध झाली, ती मालिका जानेवारी 2001मध्ये सुरू झाली. आणि मोजायचेच झाले तर तिचा पहिला अल्बम 2002 सालचा 'सांता क्लॉज लेन' हा नाताळच्या गाण्यांचा संग्रह आहे. परंतु सणाची गाणी सणाच्या चौकटीत बसवलेली असतात आणि गाणाऱ्याचा स्वभाव त्यांतून फारसा कळत नाही, म्हणून मी 'मेटामॉर्फसिस'लाच पहिला मानतो. 'हॅना मॉन्टॅना' या डिस्नेच्या मालिकेची नायिका मायली सायरस हिच्या बाबतीत गुंता अधिक आहे. जून 2007मध्ये आलेल्या तिच्या जोडअल्बमच्या एका तबकडीवर तिने वठवलेल्या हॅना मॉन्टॅना या पात्राची गाणी आहेत, तर दुसऱ्या तबकडीवर मायलीची स्वतःची. पात्र आणि कलाकार एकाच वेष्टनात, पण दोन वेगळ्या तबकड्यांवर! आवाज तोच असताना गाण्यांचा सूर कसा बदलतो, हे शिकण्यासाठी याहून सोयीचे उदाहरण मला माहीत नाही. ज्यांना वेळ असेल त्यांनी दोन्ही तबकड्या एकापाठोपाठ ऐकाव्यात. ज्यांना नसेल त्यांनी थेट दुसरीकडे वळावे.

अल्बम निश्चित झाला की पहिले ऐकणे चित्राविना करावे. ही अट मी आग्रहाने घालतो. मालिकेतला चेहरा आपल्या डोळ्यांसमोर इतका पक्का असतो की चित्रफीत सुरू होताच आपण गाणे ऐकायचे सोडून पात्र पाहू लागतो. निर्मात्यांना हे पुरते ठाऊक असते. 'मेटामॉर्फसिस' प्रसिद्ध करणारी हॉलीवूड रेकॉर्ड्स ही कंपनी डिस्नेच्याच मालकीची होती, गाण्यांच्या चित्रफिती डिस्ने चॅनेलवर कार्यक्रमांच्या मधल्या वेळात दाखवल्या जात आणि रेडिओ डिस्नेवर तीच गाणी वाजत, त्यामुळे त्या काळच्या अमेरिकी मुलांना चेहरा, मालिका आणि गाणे या तिन्ही गोष्टी एकत्रच मिळत असत. ही वाटही नवी नव्हती. 10 एप्रिल 1957 रोजी रिकी नेल्सन हा सोळा वर्षांचा मुलगा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ ऑझी अँड हॅरिएट' या आपल्याच कुटुंबावरील मालिकेत गायला आणि त्याच वर्षी त्याचा पहिला अल्बम आला. तेव्हाही घरोघरी लोकांनी आधी मुलगा ओळखला होता आणि नंतर त्याचा आवाज. तेव्हा फोन पालथा ठेवावा, हेडफोन लावावेत आणि गाणी अल्बमवरच्या क्रमानेच, मध्ये न थांबता ऐकावीत. या वेळी काहीही लिहून घेऊ नये. अल्बम संपल्यावर कोणते गाणे मनात राहिले, एवढेच आठवून पाहावे.

दुसऱ्या ऐकण्याआधी श्रेयनामावली वाचावी. तबकडीसोबतची पुस्तिका मिळाली तर उत्तम, नाहीतर ऐकण्याच्या बहुतेक ॲपवर प्रत्येक गाण्यापुढे गीतलेखक आणि निर्माते यांची नावे दिलेली असतात. 'मेटामॉर्फसिस'मधील 'सो येस्टरडे' हे गाणे 'द मॅट्रिक्स' या त्रयीकडून आलेले आहे. लॉरेन क्रिस्टी, ग्रॅहम एडवर्ड्स आणि स्कॉट स्पॉक यांच्या याच त्रयीने वर्षभर आधी, 2002मध्ये, एव्ह्रिल लव्हीन या गायिकेच्या 'लेट गो' या अल्बममधील सर्वांत गाजलेल्या गाण्यांवर काम केले होते. एवढे कळले की 'सो येस्टरडे'मधल्या गिटारचा खडबडीतपणा आणि तोंडावर दार लावून घेतल्यासारखा तो बेफिकीर सूर कुठून आला, याचा उलगडा होतो. 'कम क्लीन' हे कारा डिओगार्डी आणि जॉन शँक्स यांचे. 'स्वीट सिक्स्टीन' आणि 'इनर स्ट्रेंग्थ' यांच्या लेखनात हिलरीची थोरली बहीण हेली हिचा हात आहे. आणि 'व्हाय नॉट' मुळात मे 2003मध्ये प्रदर्शित झालेल्या 'लिझी मॅग्वायर'च्या चित्रपटासाठी केलेले. म्हणजे एकाच अल्बममध्ये व्यावसायिक गीतकारांची गाणी, घरातले गाणे आणि पात्राच्या वाट्याचे गाणे असे तीन थर आहेत. दुसऱ्यांदा ऐकताना हे थर वेगळे ओळखू येतात का, ते पाहावे. मला 'व्हाय नॉट' दरवेळी उरलेल्या अल्बमपेक्षा लहान वयाचे वाटते, आणि ते कशामुळे याचे उत्तर श्रेयनामावलीतच मिळते.

नावे वाचताना एक काळजी घ्यावी. मायली सायरसने सुरुवातीची गाणी लिहिली ती डेस्टिनी होप सायरस या आपल्या जन्मनावाने, त्यामुळे केवळ 'मायली' शोधणाऱ्याला तिचे श्रेय दिसत नाही. शिवाय श्रेयनामावली कायम तशीच राहते असेही नाही. डिस्नेच्याच मालिकांतून पुढे आलेल्या ऑलिव्हिया रॉड्रिगोचा 'सावर' हा अल्बम मे 2021मध्ये आला. त्यातील 'गुड फॉर यू' या गाण्याच्या लेखकांत पॅरामोर या रॉक बँडच्या हेली विल्यम्स आणि जॉश फॅरो यांची नावे नंतर जोडली गेली आणि 'देजा व्हू'च्या बाबतीत टेलर स्विफ्ट व तिच्या सहलेखकांची. अशी भर पडलेली पाहून तरुण गायिकेला चोर ठरवण्याची घाई करू नये. सोळा-सतरा वर्षांची मुलगी ज्या गाण्यांवर वाढली, त्यांचे वळण तिच्या लिहिण्यात उतरणारच, आणि ते नोंदले गेले हे चांगलेच झाले. श्रोत्याने ते मूळ गाणे शोधून शेजारी ठेवून ऐकावे, म्हणजे काय घेतले आणि काय स्वतःचे घातले हे कानांनाच कळते.

आता आवाज. माझ्या मते हाच या सगळ्याचा गाभा आहे आणि येथे वेळ काढायला हवा. अशा अल्बमवरचा नेहमीचा आक्षेप असा असतो की गाणी तिने स्वतः लिहिलेली नाहीत, मग त्यांत तिचे असे काय आहे? 'कम क्लीन' हे गाणे या आक्षेपाचे उत्तर म्हणून मी नेहमी पुढे करतो. डफचा आवाज मोठ्या पल्ल्याचा नाही. तिला ताना घ्यायच्या नाहीत आणि वरच्या पट्टीत जाऊन श्रोत्याला चकितही करायचे नाही. गीतकारांनी आणि निर्मात्याने हे ओळखून गाणे बेतले आहे. अंतऱ्यात साथ मोजकी आहे आणि आवाज मायक्रोफोनच्या इतका जवळ आहे की ती कानाशी बोलत असल्याचा भास होतो. ध्रुवपदाला पोहोचताच गिटार पसरतात, तिच्याच आवाजाचे थर एकमेकांवर चढतात आणि पावसात न्हाऊन निघण्याची प्रतिमा उलगडते. मनात दडवलेले कबूल करून मोकळे होणे, या अर्थाचा जो इंग्रजी वाक्प्रचार शीर्षकात आहे, तो येथे शब्दशः पाण्याला जोडला आहे. सगळे मोठे होत असताना ती मात्र मोठ्याने गात नाही. पाऊस तिच्याभोवती वाढत जातो आणि ती त्यात उभी राहते. हा संयम लिहिणाऱ्याच्या हातात नसतो, तो गाणारीकडून यावा लागतो. एखादा भक्कम गळा या गाण्यावर चढला असता तर त्यातला संकोच निघून गेला असता आणि गाण्यात उरण्यासारखे फार थोडे राहिले असते.

हे स्वतः पडताळायचे असेल तर एकच गाणे निवडून ते तीनदा ऐकावे. एकदा केवळ आवाजाकडे लक्ष द्यावे: श्वास कुठे ऐकू येतो, ओळ एकट्या आवाजात आहे की तीच ओळ पुन्हा गाऊन पहिलीवर ठेवलेली आहे, शब्दाचा शेवट सोडून दिला आहे की धरून ठेवला आहे. दुसऱ्यांदा आवाज विसरून ड्रम आणि बेस ऐकावेत. तिसऱ्यांदा गिटार. पॉप-रॉकमध्ये अंतरा शांत आणि ध्रुवपद दणकेबाज ही रचना इतकी सर्रास आहे की तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण शांततेतून दणक्याकडे जाताना त्या दोन-चार क्षणांत काय केले आहे, यावर कारागिरी कळते. 'गुड फॉर यू'ची सुरुवात बेसच्या एकट्या चालीने होते, अंतऱ्यात ऑलिव्हिया जवळजवळ कुजबुजते आणि मग गाणे अंगावर येते. तिच्याच 'ड्रायव्हर्स लायसन्स'च्या आरंभी मोटार सुरू होण्याचा आवाज आणि मोटारीचा टिंग-टिंग इशारा आहे, आणि तोच इशारा पुढे पियानोच्या स्वरात मिसळून जातो. रोजच्या सामान्य वस्तूचा आवाज गाण्याचा पहिला स्वर होतो, हे मला फार आवडते.

डिस्ने चॅनेलवरचीच अभिनेत्री डेमी लोव्हाटो हिचा 'डोन्ट फर्गेट' हा पहिला अल्बम सप्टेंबर 2008मध्ये आला तेव्हा तिला सोळावे वर्ष नुकतेच पूर्ण झाले होते. त्यातील बहुतांश गाण्यांच्या लेखनात आणि निर्मितीत जोनस ब्रदर्स हा तीन भावांचा बँड सहभागी होता आणि निर्माता जॉन फील्ड्स हाही त्यांच्याच अल्बमवरून आलेला. त्यामुळे गाण्यांचा साचा त्या बंधूंचा आहे, पण त्यात भरलेला गळा पूर्णपणे वेगळा आहे. शीर्षकगीत हळुवार सुरू होऊन शेवटाकडे गिटारच्या गदारोळात शिरते आणि लोव्हाटो त्या गदारोळाच्याही वर जाते. डफला जो साचा फाडून टाकता आला नसता तो येथे फाटतो. दोघींचे अल्बम पाठोपाठ ऐकल्यास, हॉलीवूड रेकॉर्ड्स या एकाच कंपनीने पाच वर्षांच्या अंतराने दोन गळ्यांसाठी किती वेगळे कपडे शिवले, हे स्पष्ट होते.

गाण्याचे शब्द वाचताना मालिका थोडी आठवावी, परंतु बेताने. प्रत्येक ओळीत अभिनेत्रीचे खासगी आयुष्य शोधणे हा वेळेचा अपव्यय आहे आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तो अनुचितही आहे. त्यापेक्षा गाण्यातली 'मी' किती वर्षांची आहे, हा प्रश्न विचारावा. 'मेटामॉर्फसिस' 26 ऑगस्ट 2003 रोजी आला आणि डफ 28 सप्टेंबरला सोळा वर्षांची होणार होती. म्हणजे 'स्वीट सिक्स्टीन' गाणारी मुलगी त्या वाढदिवसापासून महिनाभर दूर होती. हे माहीत झाल्यावर त्या गाण्यातली अधीरता मला खरी वाटू लागली.

खपाचे आकडे मी शेवटी पाहतो. 'मेटामॉर्फसिस' बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या अल्बम यादीत पहिल्या आठवड्यात दुसऱ्या स्थानी होता आणि पुढच्याच आठवड्यात पहिल्या स्थानी गेला. यातून मालिकेचा प्रेक्षक किती मोठा होता हे कळते. गाणे पात्राविना जगू शकते का, याचा पुरावा मात्र वेगळीकडे मिळतो: 2004मध्ये एमटीव्हीवर सुरू झालेल्या 'लगूना बीच' या कार्यक्रमाने 'कम क्लीन' हेच शीर्षकगीत म्हणून घेतले, आणि त्या कार्यक्रमाशी लिझी मॅग्वायरचा काहीही संबंध नव्हता.

यानंतर दुसरा अल्बम ऐकावा आणि लगेच पहिल्याकडे परतावे. डफच्या सप्टेंबर 2004च्या अल्बममध्ये काही गाण्यांच्या सहलेखिका म्हणून तिचे नाव आहे. त्यांतील शब्द अधिक तिखट आहेत, गिटार अधिक जड आहे आणि आवाजावर जोर देण्याचा प्रयत्न जाणवतो. तो अल्बम संपताच 'कम क्लीन'चा पहिला अंतरा पुन्हा लावावा आणि ध्रुवपदाच्या आधी ती आवाज किती खाली ठेवते, तेवढेच ऐकावे.